कमांडर सामंतांची पाण्यातली फौज

आमच्या सावद्यात पोरांना पोहायला शिकवण्याची रीत ठरलेली. पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधायचा, नाहीतर काखेत केळीच्या खांबाचा तुकडा द्यायचा आणि द्यायचं विहिरीत ढकलून. केळीचा खांब बुडत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बंगालातही हेच. तिथे केळीच्या खांबांच्या तराफ्याला ‘भेला’ म्हणतात आणि त्यांच्या लोककथेतली बेहुला नवऱ्याचं कलेवर घेऊन अशाच भेल्यावरून नदीतून निघते.

1971 च्या मे महिन्यात त्याच बंगालातल्या, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या पोरांना भागीरथीच्या काठी उलटं शिकवणं सुरू झालं. तरंगायला आधार काहीच नाही, वर बुडवणारं वजन. गमछ्याने छातीपोटाशी पाच-सहा शेराचा दगड किंवा विटा बांधायच्या आणि तासन्‌तास प्रवाहाविरुद्ध हात मारायचे. जागा होती प्लासी, जिथे 1757 साली बंगाल इंग्रजांच्या हाती गेला तीच. तळाचं सांकेतिक नाव ‘सीटूपी’. भरती होताना प्रत्येकाने एका कागदावर सही केली होती की देशासाठी जीव देण्याची माझी तयारी आहे. बरेचसे विद्यार्थी होते, काहींना धड मिसरूडही फुटलं नव्हतं.

या सगळ्याची सूत्रं भारतीय नौदलातल्या ज्या मराठी अधिकाऱ्याच्या हाती होती, ते कमांडर मोहन नारायण राव सामंत. माझ्या मते आपण मराठी माणसांनी त्यांना फार कमी आठवलं. सामंत पाणबुडीवाले. सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या आणि 1969 मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘करंज’ या पाणबुडीचे ते पहिले कप्तान. नौदल गुप्तवार्ता विभागाचे संचालक कॅप्टन मिहिर रॉय यांनी नौदलप्रमुख ॲडमिरल नंदांच्या पाठबळावर पूर्व पाकिस्तानच्या बंदरांतली जहाजं बुडवण्याची ही छुपी मोहीम आखली आणि ती चालवायला सामंतांना घेतलं. मला ही निवड फार नेमकी वाटते, कारण मोहिमेचं बीजही पाणबुडीतूनच आलं होतं. फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात पाकिस्तानची ‘मांग्रो’ पाणबुडी उभी होती. पाकिस्तानी लष्कराने 25 मार्चला ढाक्यात केलेल्या कत्तलीची बातमी ऐकून तिच्यावरच्या काही बंगाली नौसैनिकांनी तळ सोडला. त्यातले आठ जण माद्रिदच्या भारतीय दूतावासात पोहोचले आणि तिथून भारतात आले. पुढे तेच प्लासीच्या पोरांचे म्होरके झाले. भर समुद्रात पोलादी नळकांड्यात आवाज न करता जगायची सवय सामंतांनाही होती आणि त्या आठांनाही. त्यामुळे देश वेगळा असला तरी धंदा एकच होता.

दगड-विटांच्या जागी पुढे पोटाशी बांधायचा होता सुरुंग. त्याचं वजन साधारण पाच किलो. लोहचुंबकाने तो जहाजाच्या पोटाला चिकटतो. त्याच्या आत पाण्यात विरघळणारी एक गुटी असते, ती विरघळली की स्फोट. अडचण अशी की पोहणाऱ्याला जहाजापर्यंत जाऊन परत यायला जेवढा वेळ लागे, त्याच्या आत ती गुटी विरघळून जाई. मग तिच्यावर निरोध चढवायचा आणि जहाजाला हात लागला की तो ओढून काढायचा. एवढ्या साध्या रबरावर त्या पोरांचे जीव टांगलेले होते.

पण या मोहिमेतला मला सगळ्यात प्रिय किस्सा गाण्याचा. चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज, अशी चार बंदरं. त्यांच्यावर एकाच रात्री घाव घालायचा, तोही सीमेपलीकडे चालत आणि होडीने पसरलेल्या, एकमेकांशी काहीही संपर्क नसलेल्या तुकड्यांनी. बिनतारी यंत्र दिलं तर पकडलं जाणार. म्हणून म्होरक्यांना दिले साधे ट्रान्झिस्टर. कोलकाता आकाशवाणीवर पंकज मल्लिकांचं एक ठरलेलं गाणं लागलं की तयारीला लागायचं. त्यानंतर संध्या मुखर्जींचं दुसरं गाणं लागलं की त्याच रात्री पाण्यात उतरायचं. अर्थ फक्त म्होरक्याला ठाऊक, शेजारी बसून तेच गाणं ऐकणाऱ्या पोरालासुद्धा नाही. लाखो घरांत त्या दिवसांत ती गाणी वाजली असतील. कुणी भात शिजवत असेल, कुणी दुकानाचा हिशोब करत असेल.

15 ऑगस्टच्या रात्री चारही बंदरांत स्फोट झाले. चितगावात दारूगोळ्याने भरलेली ‘अल अब्बास’ आणि ‘हरमुझ’ ही जहाजं बुडाली. त्यानंतर पूर्व पाकिस्तानकडे जहाज पाठवायला परदेशी कंपन्या कचरू लागल्या. बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या रचनेत या नौकमांडोंचं 10 क्रमांकाचं सेक्टर होतं आणि त्याला कायमचा सेक्टर कमांडरच नव्हता. ज्या भागात पोरं उतरत, तिथल्या सेक्टरच्या हुकमात वागत. दोन देशांच्या अशा फौजेत अधिकार कागदावर मिळत नाही, तो त्या पोरांच्या विश्वासातून मिळवावा लागतो.

पावसाळा सरला तशी पुढची पायरी आली. कोलकाता बंदराच्या दोन बोटींवर 40 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा चढवल्या आणि त्यांना नावं दिली ‘पद्मा’ आणि ‘पलाश’. बांगलादेशच्या नौदलाचा इतिहास या दोन बोटींपासून सुरू होतो. डिसेंबरात युद्ध जाहीर झाल्यावर सामंत याच बोटी घेऊन सुंदरबनच्या अनोळखी खाड्यांतून मोंगला आणि खुलनाकडे निघाले. सोबत भारतीय नौदलाची गस्ती नौका होती ‘पनवेल’. पुणे-मुंबई प्रवासात ज्या गावावरून आपण शेकडो वेळा गेलो, त्याचं नाव मिरवणारी. तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा.

10 डिसेंबरला मोंगला हातात आलं. तसेच ते खुलनाकडे सरकले. दुपारच्या सुमारास आकाशात तीन नॅट विमानं दिसली. विमानं आपलीच होती. बोटींवर ओळखीसाठी पिवळा रंग दिलेला होता, म्हणून वर तोफा वळवल्या गेल्या नाहीत. विमानं खाली आली आणि त्यांनी मारा केला. पद्मा गेली, मग पलाश. बोट सोडण्याचा हुकूम झाला, तरी पलाशच्या इंजिनखोलीतला रुहुल अमीन इंजिन वाचवायला मागे राहिला. जखमी होऊन तो काठाला लागला आणि तिथे पाकिस्तानच्या बाजूच्या रझाकारांनी त्याला मारलं. रूपशा नदीकाठी त्याची कबर आहे आणि ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च सन्मान मिळालेल्या बांगलादेशच्या सात जणांत त्याचं नाव आहे.

ज्या माणसाने महिनोन्‌महिने ही माणसं घडवली, त्याच्या डोळ्यांदेखत ती आपल्याच विमानांच्या माऱ्यात सापडली. त्या क्षणी सामंतांच्या मनात काय झालं असेल, याचा विचार करताना मी दर वेळी थबकतो. पण पनवेल शाबूत होती आणि ती माघारी फिरली नाही. पाण्यातली माणसं उचलली गेली, खुलनावरचा हल्लाही झाला. सामंत, नोरोन्हा आणि लीडिंग सीमन चिमणसिंग, या तिघांना महावीर चक्र मिळालं. सामंतांच्या मानपत्रात मोंगला-खुलनाची डिसेंबरातली धाड होती. प्लासीचा तळ, गमछा, गाणी यांचा उल्लेख नव्हता. ते सगळं पुढे अनेक दशकं बंद फायलींत राहिलं. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासोबत सामंतांनी ही हकीकत लिहिली. पुस्तक 2019 मध्ये आलं आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सामंत गेले.

परवा मळ्यातल्या विहिरीवर पुतण्या पोहत होता. ही सगळी हकीकत मी त्याला तिथेच सांगितली. त्याने पोटाशी विटा बांधून उडी मारायचा हट्ट धरला. मी नाही म्हटलं. फक्त दोन विटा त्याच्या छातीशी धरायला दिल्या.

“कितलं जड, काका,” म्हणाला. मग विटा तशाच धरून कठड्यावर थोडा वेळ उभा राहिला.

“आणि ते गाणं वाजलंच नसतं तर?”