चटणीचे दिवस आणि ऐरणीचा सिनेमा

एप्रिल अर्धा सरला की गडहिंग्लजमध्ये घराघरांतून शिंका ऐकू येतात. मिरची आलेली असते. तिखटपणाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी; दोहोंचं प्रमाण घरागणिक वेगळं आणि प्रत्येक घराला आपलंच बरोबर वाटतं. कडकडीत उन्हात वाळवायची, देठं खुडायची, थोड्या तेलावर परतायची. मग सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला भाजून, कांदा तळून, लसूण सोलून सगळं घेऊन डंकावर जायचं. डंक म्हणजे यंत्रावर चालणारी उखळं. लोखंडी मुसळ वर उचललं जातं नि आपल्या वजनानं खाली आदळतं. गिरणीत दळलेली चटणी आमच्या मावशीच्या मते चटणीच नव्हे, ती पूड. मलाही ते पटतं. कुटलेल्या चटणीला लसणाचा नि खोबऱ्याचा जो ओलसरपणा येतो, तो दळलेल्यात नाही.

गावाची ओळख करून द्यायला हवी म्हणून थोडक्यात: कोल्हापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आंबोलीकडून येणाऱ्या हिरण्यकेशीच्या काठी. पलीकडे संकेश्वर, म्हणजे कर्नाटक, त्यामुळे बाजारात मराठीइतकीच कानडी चालते. जवळच सामानगड, जिथल्या गडकऱ्यांनी 1844 मध्ये बंड केलं. संध्याकाळी फुटबॉल. झालं.

माझं काम हिशेबाचं. आडत दुकानांच्या वह्या सकाळी पंख्याखाली लिहायच्या, कारण दुपारी एकनंतर आकडे डोळ्यांसमोर पोहायला लागतात. त्या वेळेला मी देठं खुडायला बसतो आणि टीव्हीवर जुना मराठी सिनेमा लावतो. गेली कित्येक वर्षं उन्हाळा असाच. त्यातून एक खूळ डोक्यात बसलं आहे: मी हे सिनेमे गोष्टीसाठी बघत नाही, त्यांतली कामं बघतो. हात कसे चालतात ते.

‘साधी माणसं’ घ्या. भालजी पेंढारकरांचा, 1965 चा. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांचं लोहार जोडपं. ऐरणीवरच्या घावाचा ठेका जगदीश खेबूडकरांनी त्यासाठी लिहिलेल्या ऐरणीच्या गाण्यातच विणलेला आहे. घाव काढून टाकला तर गाणं लंगडं पडेल. संगीतकार ‘आनंदघन’. राज्य पुरस्काराच्या वेळी हे नाव पुकारलं गेलं तेव्हा लता मंगेशकर गप्प बसून होत्या, आणि आनंदघन म्हणजे त्याच, हे तिथं जाहीर झालं. हा किस्सा सगळे सांगतात. मला त्याहून नवल वाटतं ते या गोष्टीचं, की भात्यापुढचं कष्टाचं काम हे नवरा-बायकोच्या गाण्याचं स्थळ होऊ शकतं, असं कुणाला तरी सुचलं. बागेत झाडाभोवती फिरायची त्यांना गरजच पडली नाही.

याचं मूळ मी कोल्हापूरच्या कारागिरीत शोधतो. बाबूराव पेंटर हे मूळचे मिस्त्री. घरात सुतारकाम, लोहारकाम. मूकपट काढायचे तर कॅमेरा हवा. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर त्यांनी तो घरीच बनवायला घेतला. आनंदराव 1916 मध्ये गेले. पुढं सहकारी दामल्यांच्या साथीनं बाबूरावांनी काम तडीला नेलं. ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आला. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावून गिरणीत मजुरीला लागणारा शेतकरी होता आणि ती भूमिका व्ही. शांतारामांची. हे शांताराम आधी हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम करून आलेले. हातात पाना धरलेला माणूस पडद्यावर कुदळ धरतो, तेव्हा ती कुदळ खोटी वाटत नाही. आजच्या सिनेमात नायक इंजिनिअर आहे हे संवादातूनच कळतं. तो काम करताना काही दिसत नाही.

मावशीचा कौल मात्र ‘सांगत्ये ऐका’ला. अनंत मानेंचा हा 1959 चा चित्रपट पुण्याच्या विजयानंदला सुमारे अडीच वर्षं चालला. पटकथा-संवाद व्यंकटेश माडगूळकरांचे, गाणी गदिमांची, संगीत वसंत पवारांचं. त्यात हंसा वाडकर आणि जयश्री गडकर. हंसाबाईंनी पुढं आत्मचरित्रालाही हेच नाव दिलं आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी 1977 मध्ये ‘भूमिका’ काढला. मावशीनं ‘सांगत्ये ऐका’ पहिल्यांदा जत्रेत बघितला, तंबूतल्या सिनेमात. कनातीबाहेर जनरेटर धडधडत होता, पुढं पोरं मातीत बसलेली. मी म्हटलं, नाचगाण्याच्या सिनेमात काम कुठलं आलं? तर म्हणाली, “रातभर उभं ऱ्हाऊन नाचायचं, हे काम न्हवं व्हय? तू नाचून बघ की जरा.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून तमाशापट बघताना माझी नजर पायांकडे जाते. फडात पायांत किलोंनी घुंगरं बांधून तालावर उभं राहणं हे घणाच्या कामापेक्षा हलकं नाही. ‘पिंजरा’ही त्या नजरेनं पुन्हा बघितला. 1972 चा, रंगीत, डॉ. श्रीराम लागूंना सिनेमात आणणारा. चांगलाच आहे, पण त्यातलं मास्तरांच्या अधःपाताचं तत्त्वज्ञान मला जरा जड होतं. चटणीच्या दिवसांत तर फारच.

चारच्या सुमारास आभाळ भरून येतं. वळीव आला तर गच्चीवरची मिरची, कुरडया, सांडगे सगळं एकदम आत आणावं लागतं आणि वीजही जाते, त्यामुळे या उन्हाळ्यात निम्म्या सिनेमांचा शेवट माझा बघायचा राहिला आहे. मावशीला त्याचं काही वाटत नाही. शेवट तिला ठाऊक असतात. ती डब्याला फडकं बांधते आणि सांगते, “डंकावर नंबर लागलाय, ऊठ. आणि शेजाऱ्यांच्या चटणीत आपली मिसळू देऊ नको.”