लाँचने घारापुरी : पाऊस नाही, मग पाणी वाढलं कसं?



मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने घारापुरी बेटावर गेली होती. सकाळी जायचं, दिवसभर बेट आणि लेणी पाहायची, दुपारनंतर परत यायचं. सहलीला जाण्याआधी आम्ही वर्गात एक गणित सोडवलं होतं आणि त्याचं उत्तर समुद्रात तपासून पाहिलं. तो अनुभव आणि त्यामागचं विज्ञान या पाठात मांडते आहे.

सहल ठरताना

आमची शाळा कर्जत तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावातली. घारापुरी उरण तालुक्यात येतं, म्हणजे ते आमच्याच रायगड जिल्ह्यातलं बेट. तरीही सहावी-सातवीच्या ३४ मुलांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. त्यांना पाणी माहीत आहे ते उल्हास नदीचं. पावसाळ्यात नदी फुगते, उन्हाळ्यात खडक उघडे पडतात. पाऊस पडला की पाणी वाढतं, हा त्यांचा पक्का अनुभव.

पालकसभेत मात्र मुलांपेक्षा पालकांचे प्रश्न जास्त होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेवरून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि त्यात १५ जणांचा जीव गेला. ती दृश्यं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. सहावीतल्या एका मुलाची आई उभी राहून म्हणाली, "बाई, आमच्या पोराला नदीत पवता येतं, पण समिंदर त्यानं कधी बघितला नाय. बोटीचं काय झालं ते आम्ही बघितलंय. तुम्ही सांगा, पाठवू का?"

"काही होत नाही हो" असं म्हणणं सोपं होतं, पण ते खरं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, समुद्राची भीती बाळगायलाच हवी. आपण काय काय काळजी घेणार ते मी लिहून देते. ते पटलं तरच सही करा." मग मुख्याध्यापकांसोबत बसून यादी केली. प्रत्येक मुलाला बोटीत चढण्याआधी लाइफ जॅकेट, आठ-नऊ मुलांमागे एक मोठं माणूस, सगळी मुलं खालच्या मजल्यावर बसलेली, आणि समुद्र खवळलेला दिसला तर बोट रद्द करून मुंबईतलंच काही पाहायचं. पुढच्या आठवड्यात त्या ताईंनी संमतीपत्रावर सही केली.

पाऊणकीचं गणित

सहलीआधीच्या तासाला मी मुलांना विचारलं, "आपण जाऊ तेव्हा समुद्राला भरती असेल की ओहोटी?" उत्तर कोणालाच येईना. मग फळ्यावर कोकणातल्या जुन्या माणसांचा एक ठोकताळा लिहिला :

भरतीची वेळ = तिथी × पाऊण (३/४)

कॅलेंडरमध्ये तिथी पाहायची आणि तिची पाऊणपट करायची. जितकं उत्तर येईल, तितक्या वाजता भरती. पौर्णिमेनंतर कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन असं मोजायचं. सहलीच्या दिवशी होती कृष्ण चतुर्थी, म्हणजे संकष्टी. (सोबत येणाऱ्या आमच्या गुरुजींचा उपास होता, त्यामुळे ही तिथी ते विसरणं शक्यच नव्हतं!)

चार गुणिले तीन छेद चार. अपूर्णांकांचा गुणाकार मुलांच्या अभ्यासात आहेच. पण एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, माझी आजी म्हणते, चार पाऊण तीन." आजीला पाऊणकीचा पाढा अजून पाठ आहे. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन! मग सगळ्या वर्गाने तो पाढा म्हटला.

उत्तर आलं तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. मुलांनी वहीत लिहिलं : "जाताना पाणी कमी. येताना पाणी जास्त." हा ठोकताळा आहे, त्यामुळे उत्तरात थोडा वेळ इकडेतिकडे होतो. बंदरावरची माणसं छापील भरती-ओहोटीचं कोष्टक वापरतात.

गेटवेवर सकाळी

शाळेसमोरून पहाटे पाचला एसटी निघाली. साडेआठच्या सुमारास आम्ही गेटवेला पोहोचलो. ही कमान बेसॉल्ट दगडाची असून २६ मीटर उंच आहे. पाचवा जॉर्ज राजा १९११ साली मुंबईत उतरला, त्याची आठवण म्हणून ती बांधायला घेतली आणि १९२४ साली तिचं उद्घाटन झालं. नंतर २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून निघून गेली. राजाच्या स्वागताची कमान निरोपाची कमान झाली, हे मुलांना फार आवडलं.

पण आमचं लक्ष होतं पायऱ्यांकडे. धक्क्याच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ, खालच्या पायऱ्या ओल्या. दोन मुलांनी पाण्याबाहेरच्या पायऱ्या मोजल्या : १९. मोजपट्टीने एका पायरीची उंची भरली १८ सेंटिमीटर. वहीत नोंद केली.

बोटीत चढताना एक अडचण आली. लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळाली, पण तीन जॅकेटांचे पट्टे तुटलेले होते. "नुसतं गळ्यात अडकवा, चालतंय," असं बोटीवरच्या माणसाने सांगितलं. मी मुलांना तिथेच थांबवलं. मागे रांग लागली, लोक कुरकुरले. तीन धड जॅकेटं आल्यावरच आम्ही चढलो. पट्टा नसलेलं जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जातं. जॅकेटातला फोम पाण्यापेक्षा खूप हलका असतो. तो शरीराला वर धरतो, पण शरीराला घट्ट बांधलेला असेल तरच. पाठीवर दप्तर ठेवून वरून जॅकेट घालू नये. आधी दप्तर काढायचं.

लाँचमधून काय दिसतं?

गेटवे ते घारापुरी हे अंतर सुमारे १० किलोमीटर. लाँचला तासभर लागतो. धक्का सुटला तेव्हा त्या ताईंचा मुलगा माझ्या ओढणीचं टोक धरून बसला होता. दहा मिनिटांत त्याने ते सोडलं, कारण बघायलाच इतकं होतं!

मागे गेटवे आणि १९०३ साली सुरू झालेलं ताजमहाल हॉटेल लहान होत जातं. एका बाजूला नौदलाच्या करड्या रंगाच्या युद्धनौका. पुढे जवाहर द्वीप, म्हणजे बुचर बेट. तिथे तेलाची मोठी जहाजं लागतात. पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेकडे अटल सेतूची लांब रेघ दिसते. २१.८ किलोमीटरचा हा पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला.

हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचच्या मागे मागे उडत येतात. ते उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतून येणारे पाहुणे आहेत. लोक त्यांना वेफर्स, फरसाण टाकतात. आपण टाकू नये. मासे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं, खारट खाणं चांगलं नाही.

बेटाजवळ आल्यावर ओहोटी स्पष्ट दिसली. किनाऱ्याला लांबवर चिखल उघडा पडलेला, त्यात खारफुटीची झाडं आणि जमिनीतून वर डोकावणारी त्यांची मुळं. भरतीला हा सगळा भाग पाण्याखाली जातो. म्हणजे एकच बेट दिवसातून दोनदा मोठं आणि दोनदा लहान होतं.

बेटावरची लेणी आणि माणसं

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, चालतही जाता येतं. पुढे सुमारे १२० पायऱ्या. माकडांपासून डबे सांभाळायचे. सोमवारी लेणी बंद असतात, हे सहल ठरवतानाच लक्षात ठेवा.

ही लेणी साधारण ५व्या-६व्या शतकातली मानली जातात. १९८७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली. मुख्य लेणं शिवाचं आहे. समोरच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत ते सुमारे ३९ मीटर खोल आहे. मी मुलांना विचारलं, "हे खांब कुठून आणले असतील?" कुणी म्हणालं बैलगाडीतून, कुणी म्हणालं बोटीतून. खरं तर खांब आणलेलेच नाहीत. डोंगर आतून पोखरत नेला आणि खांबांपुरता दगड तसाच सोडला. घर बांधताना आपण वीट वाढवत जातो, लेणं कोरताना दगड कमी करत जातात. एकदा निघालेला तुकडा परत लावता येत नाही.

मागच्या भिंतीतली त्रिमूर्ती सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. तिचा मधला चेहरा शांत आहे. आपल्या डावीकडचा उग्र, मिशा असलेला. उजवीकडचा कोमल, हातात कमळ घेतलेला. पाच मिनिटं काहीही न बोलता फक्त बघायला सांगितलं. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, तिन्ही चेहऱ्यांचे डोळे मिटलेले वाटतात." माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

पोर्तुगिजांना या बेटावर दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे.

बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही गावं आहेत. समोर मुंबईचा झगमगाट दिसत असताना या गावांत कायमची वीज आली ती २०१८ साली, समुद्राखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या केबलमधून. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. आमच्या मुलांना याचं नवल वाटलं नाही. आमच्या वाड्यांवरही दिवे उशिराच आले.

परतताना

सव्वादोनला लाँच सुटली. किनाऱ्याचा चिखल दिसेनासा झाला होता. सव्वातीनला गेटवेला उतरलो आणि मुलं आधी धावली ती पायऱ्यांकडे. पाण्याबाहेर फक्त ५ पायऱ्या! शेवाळाच्या पायऱ्या गडप.

१९ वजा ५, म्हणजे १४ पायऱ्या पाण्याखाली. १४ × १८ = २५२ सेंटिमीटर. म्हणजे पाणी अडीच मीटर चढलं होतं.

तोच मुलगा, सकाळी ओढणी धरून बसलेला, पाण्याकडे बघत म्हणाला, "बाई, पाऊस तर पडला नाय. मग पाणी वाढलं कसं?"

ज्या मुलाने आयुष्यभर नदी पाहिली आहे, त्यालाच हा प्रश्न पडू शकतो.

उत्तर : चंद्राची ओढ

समुद्राचं पाणी वाढलेलं नसतं, ते सरकून इथे आलेलं असतं. चंद्र पृथ्वीला आपल्याकडे ओढतो. चंद्राकडच्या बाजूच्या पाण्यावर ही ओढ जास्त, म्हणून तिथे पाणी फुगतं. विरुद्ध बाजूच्या पाण्यावर ओढ सर्वांत कमी. तिथे पृथ्वी चंद्राकडे जास्त ओढली जाते आणि पाणी जणू मागे राहतं, म्हणून तिथेही फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांतून जातो. म्हणून दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी.

पण भरतीची वेळ रोज बदलते. पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटं जास्त लागतात. ५० मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास. आजीच्या पाढ्यातलं "पाऊण" आलं ते इथून!

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते आणि मोठी भरती येते. ती उधाणाची भरती. अष्टमीला सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, तेव्हा भरती लहान असते. ती भांगाची भरती.

रात्री आठला एसटी गावात शिरली. ताई रस्त्यावर उभ्याच होत्या. मुलगा उतरला आणि जेवणाचं, लेण्यांचं काही न सांगता आधी म्हणाला, "आये, चंद्र पाणी ओढतो. आमी मोजलं. अडीच मीटर."

वर्गात करून पाहा

१. आजची तिथी कॅलेंडरमध्ये पाहा. पाऊणकी वापरून आज मुंबईच्या किनाऱ्यावर भरती किती वाजता येईल ते काढा.
२. अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास भरती असेल, तर ओहोटी केव्हा येईल?
३. नदीचा पूर आणि समुद्राची भरती यांत कोणते फरक आहेत? तीन फरक लिहा.
४. घरातल्या आजी-आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी यांपैकी कोणता पाढा येतो ते विचारा आणि वहीत लिहून आणा.
५. लाइफ जॅकेट घालताना कोणती काळजी घ्याल? घरातल्या लहान भावंडाला समजावून सांगा.