रानवाटेवरचे वाहन कसे निवडावे?

सुरत शहराच्या उत्तरेस, तापी ओलांडल्यावर, कोसाड हे लहानसे रेल्वे स्थानक लागते. हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तथापि सायण-ओलपाडकडे निघाले की उसाचे मळे सुरू होतात. जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाची एक सर आली की तीच जमीन चाकांना चिकटू लागते. अशा शिवारात खत, बियाणे, पाण्याचा पंप नेण्यासाठी गाडी घ्यावयाची, तर कोणती? प्रश्न साधा नव्हे. कारण गाडी चिखलात रुतून राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जी गाडी कोठेही जाते ती कितीही ओझे वाहते, असे पुष्कळांस वाटते. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, जीप नावारूपास आली. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि ती आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली. परंतु सैन्याच्या हिशेबी ती पाव टन ओझ्याची गाडी होती. उलट २००५ साली आलेला टाटांचा ‘एस’ हा छोटा टेम्पो सुमारे पाऊण टन माल नेई. पण त्याची लहान चाके पक्क्या रस्त्यासाठी होती. वाट काढणे हा एक गुण, ओझे वाहणे हा दुसरा.

म्हणून आधी ओझ्याचा हिशेब करावा. समजा, मालासह गाडीचे नोंदलेले कमाल वजन २५०० किलो आहे आणि रिकाम्या गाडीचे १६०० किलो. उरले ९००. चालक व मदतनीस यांचे १४० वजा केल्यास ७६० उरतात; म्हणजे ५० किलोंची १५ पोती. सोळावे पोते गाडी कदाचित ओढीलही. पण थांबताना ब्रेकवर आणि वळताना कमानींवर त्याचा भार पडतो. ओझे जितके उंच रचावे तितकी गाडी कलंडण्याची भीती अधिक.

नंतर वाटेचा विचार. साध्या गाडीत एक चाक चिखलात गरगरू लागले की इंजिनाचा जोर त्याच चाकातून वाया जातो आणि कोरड्या जागेवरचे चाक स्वस्थ राहते. हा दोष टाळण्यासाठी डिफरन्शियलला कुलूप घालण्याची सोय असते. मग दोन्ही चाके बरोबरीने फिरतात. चारही चाकांना जोर पुरविणाऱ्या पुष्कळ गाड्यांत मंद गतीचा वेगळा गियरही असतो. त्याने वेग घटतो, पण चाकावरचा जोर वाढतो. ओझ्यासह कालव्याचा बांध चढताना तोच कामी येतो. मात्र चारही चाकांना जोर असला म्हणून ब्रेक अधिक चांगले लागत नाहीत, हे विसरू नये. शिवाय टायरच्या खाचा काळ्या मातीने बुजल्या, तर उत्तम यंत्रणाही हतबल होते. वाफसा येईपर्यंत थांबणे हाच अशा वेळी शहाणपणा.

ज्याचे शेत पक्क्या रस्त्यालगत आहे, त्याने या यंत्रणेवर पैसा घालू नये; तिच्यामुळे किंमत, इंधन आणि दुरुस्ती, तिन्ही वाढतात. वर्षातून थोडेच दिवस चिखल तुडवावयाचा असेल, तर तेवढ्यापुरता ट्रॅक्टर भाड्याने आणणे परवडते. सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात काय, याची चौकशी मात्र प्रत्येकाने आधीच करावी.

शेवटची गोष्ट माणसांची. ऊसतोडणीच्या हंगामात डांग आणि खानदेशातून मजूर कुटुंबे दक्षिण गुजरातेत येतात. त्यांना मालाच्या गाडीत, कधी मालावरच, बसवून नेण्याची चाल सर्वत्र दिसते. मालवाहू गाडीत भाड्याने अथवा फुकट बसविलेल्या उताऱ्यांची भरपाई कायद्याने विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आहे. मालाबरोबर जाणारा त्याचा मालक अथवा मालकाचा अधिकृत प्रतिनिधी तेवढा अपवाद. गाडी उलटली तर मजुराचे घर बुडते आणि गाडीमालकाचेही. माणसे न्यावयाची असतील, तर त्यांच्यासाठी बैठका असलेली गाडीच निवडली पाहिजे. पोत्यांचा हिशेब किलोंत करता येतो. माणसांचा तसा करता येत नाही.