बीम ‘थंड’ कसा करतात? दहा ओळींचा कोड लिहून बघा

ॲक्सिलरेटरमध्ये बीम ‘गरम’ आहे म्हणजे तो हाताला चटका देईल असं नाही. सगळे कण एकत्र धावत असले तरी प्रत्येकाची दिशा आणि वेग सरासरीपेक्षा जरा वेगळा असतो. हा विखुरलेपणा कमी करणं म्हणजे बीम कूलिंग. नुसत्या चुंबकांनी ते जमत नाही. कण जागेत दाबले की दिशेत पसरतात. इथे लुव्हिलचं प्रमेय आडवं येतं.

सर्नमधल्या सायमन व्हॅन डर मीर यांनी १९७२ मध्ये यावर स्टोकॅस्टिक कूलिंगचा मार्ग मांडला. त्यामुळे अँटिप्रोटॉनचे दाट बीम मिळाले, १९८३ मध्ये डब्ल्यू आणि झेड कण सापडले आणि १९८४ मध्ये त्यांना व कार्लो रुबिया यांना नोबेल मिळालं.

कल्पना सोपी आहे. पिकअप कणांच्या एका लहान गटाची सरासरी चूक मोजतो, किकर तेवढा उलटा धक्का देतो. पुढे कण आपापल्या वेगाने मिसळतात आणि नवे गट तयार होतात.

आता स्वतः करून बघा:

१. सरासरी शून्य असलेल्या १०,००० रँडम संख्या घ्या.
२. त्यांचे १००-१०० चे गट पाडा.
३. प्रत्येक गटाची सरासरी काढा, तिला गेनने गुणा आणि गटातल्या प्रत्येक संख्येतून वजा करा.
४. सगळं शफल करून पुन्हा सुरुवात.

गेन १ असेल तर व्हेरियन्स दर फेरीला साधारण १ टक्क्याने घटतो. गेन २ केला की कूलिंग थांबतं. त्यापुढे बीम उलट तापतो. आणि शफल काढून टाकलंत तर पहिल्या फेरीनंतर काहीच होत नाही, कारण प्रत्येक गटाची सरासरी शून्यच राहते. मिक्सिंग का लागतं, ते इथे डोळ्यांना दिसतं.

खरी गोम पुढे आहे. एरवी सिम्युलेशनमध्ये कमी कण घेतले तर फक्त नॉइज वाढतो. इथे मात्र कूलिंगच त्या नॉइजवर चालतं. बँडविड्थ तीच ठेवून १०¹० कणांऐवजी १०⁴ मॅक्रोपार्टिकल घेतले, तर गट लहान होतो आणि कूलिंग दहा लाख पट वेगाने होतं! म्हणून सिम्युलेशनमधली एक फेरी म्हणजे खऱ्या दहा लाख फेऱ्या, असा हिशोब धरतात. बीम तापवणारे इतर परिणाम घेतलेत, तर तेही त्याच पटीत वाढवावे लागतात.

त्यामुळे कुठलाही आलेख गाइडला दाखवण्याआधी मॅक्रोपार्टिकल दुप्पट करून बघा. लागणाऱ्या फेऱ्या दुप्पट व्हायला हव्यात, पण खऱ्या वेळेत बदललेलं उत्तर तेच राहायला हवं. ते हललं, तर आधी कोड तपासा.