टाका आणि टीप (भाग ७) : कंबर मागूनच का घेतात?

मागच्या आठवड्यात आपण पँटची उंची कमी केली. ते काम भोळं आहे; जादाचं कापड खाली लोंबत असतं, दुमडून टीप मारली की संपलं. कंबरेचं तसं नाही. ती एकाच वेळी पट्ट्याशी, चेनशी, खिशांशी आणि सीटशी जखडलेली असते. म्हणूनच उदगीरच्या चौबाऱ्याभोवतीच्या गल्ल्यांत कुणाही टेलरमास्तरकडे ढिली पँट घेऊन जा, तो पुढून फारसं बघत बसणार नाही. पँट उलटी करून थेट मागची मधली शिवण अंगठ्याने चाचपेल.

चाचपतो ती माया, म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं कापड. शिंप्याने शिवलेल्या पँटचा कंबरपट्टा अखंड नसतो. डावा आणि उजवा असे दोन तुकडे आपापल्या भागाला आधी जोडतात, आणि शेवटी मागची शिवण सीटपासून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत सलग मारतात. पुढे पोट सुटलं किंवा आत गेलं, तरी एवढी एकच शिवण उसवून काम भागतं. सोलापूरचे तयार गणवेश गावोगावच्या दुकानांत मिळत असले, तरी जूनमध्ये शिंप्याकडे पोराला घेऊन येणारी माणसं आहेतच, आणि त्यांची मागणीही ठरलेली : “पोरगं वाढायलंय मास्तर, दोन वर्षं तरी आली पाहिजे बगा.” त्या दोन वर्षांची तरतूद कापड कापतानाच करावी लागते. तेव्हा माया ठेवली नसेल, तर नंतर कितीही मोठा कारागीर आणा, कंबर वाढत नाही.

हिशेब सोपा आहे, पण घरी करणारे इथेच फसतात. कापड दुहेरी असतं. कंबर एक इंच कमी करायची तर नवी टीप जुन्या टिपेपासून अर्धाच इंच आत घ्यायची. पूर्ण इंच घेतला तर कंबर दोन इंचांनी आवळते. मागचा लूप काढायचा, पट्ट्याचं अस्तर तिथल्यापुरतं सोडवायचं, खडूने नवी रेघ आखायची आणि आधी धावदोरा घालून पँट अंगावर घालून बघायची. उभं राहून नव्हे, बसून. उभ्याने छान बसलेली कंबर जेवणाच्या पाटावर जीव घेते. पटलं की मग जुनी शिवण उसवून पक्की टीप. सीटच्या वळणावर ती दुहेरी हवी, कारण वाकताना सगळा ताण तिथेच येतो. नवी रेघ जुन्या रेघेत हळूहळू विरत गेली पाहिजे. एकदम वळवली तर मागे चोच येते आणि ती कुठल्याही इस्त्रीने बसत नाही.

रेघ किती खाली न्यायची, हा खरा प्रश्न. ढिलेपणा फक्त वर असेल, म्हणजे कंबरेत मागून हात जातो पण सीट नीट बसली आहे, तर वरच्या चार-पाच इंचांतच काम संपवावं. तीच रेघ खाली ओढली की सीट आवळते आणि चालताना मांड्यांजवळ आडव्या सुरकुत्या पडतात. सीटही पिशवीसारखी लोंबत असेल, तरच वळणापर्यंत उतरायचं. पोट पुढे आलेल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांची पँट कंबरेत मोठी असते म्हणून घसरते असं नाही. पट्टा पोटाच्या उतारावर टिकत नाही म्हणून घसरते. तिथे कंबर आवळून फक्त श्वास अडकतो. अशांनी गॅलिस लावावी, हे माझं प्रामाणिक मत, मग लोक हसोत. आपल्या आजोबांना ही भानगडच नव्हती. धोतर रोज सकाळी त्या दिवसाच्या पोटाला बांधलं जायचं.

कमी करण्यालाही मर्यादा आहे. दोन इंचांच्या पुढे गेलात की मागचे खिसे एकमेकांना भेटायला निघतात आणि बाजूची शिवण मागे ओढली जाते. वाढवताना मर्यादा मायेची. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया असेल तर त्यातला एकेक इंच सोडता येतो, उरलेला अर्धा शिवणीला हवाच. जुनी पँट विटलेली असेल, तर सोडलेल्या जागी मूळ रंगाची गडद रेघ दिसते. शर्ट खोचणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा.

जीन्सला यातलं काहीच लागू होत नाही. कंबरपट्टा अखंड, मागे जोडपट्टी, शिवण दुमडून दोन टिपांत बंद केलेली आणि माया जवळपास शून्य. ही घडण खाणीत आणि शेतावर राबणाऱ्यांसाठी होती. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना तांब्याच्या रिबिटांचं पेटंट मिळालं ते १८७३ साली. त्यांच्या त्या पँटला कंबर आवळायला मागे छोटी बकल असे. पट्ट्यासाठी लूप आले १९२२ मध्ये. म्हणजे जीन्सची कंबर उसवून बारीक करावी, हे मुळात कुणाच्या मनातच नव्हतं. तरी करता येते. पट्टा मागून सोडवायचा, जोडपट्टी आणि सीट मधोमध आत घ्यायची, पट्टा मध्ये कापून जोडायचा आणि तो जोड मधल्या लुपाखाली झाकायचा. तेव्हा जीन्स देण्याआधी मास्तरांना एवढंच विचारा : मधोमध कापणार, की दोन बाजूंना चिमटे घेणार? चिमटे म्हणाले तर जीन्स पिशवीत घाला आणि पुढचं दुकान बघा.