दोन अक्षरांचा चित्रकार

स्वतःचं नाव घडवायचं, ते जपायचं आणि त्याच्या बळावर काम मिळवायचं, हे मोबाइलच्या जमान्यातलं वेड आहे असं वाटत असेल, तर आल्ब्रेख्त ड्युररचं एखादं छापचित्र जवळून बघा. कोपऱ्यात कुठेतरी सपाट माथ्याचा, रुंद 'ए' उभा असतो आणि त्याच्या दोन पायांमध्ये छोटा 'डी' बसलेला असतो. पाचशे वर्षं झाली, तरी ही खूण एका नजरेत ओळखू येते!

ड्युरर 1471 साली जर्मनीतल्या न्यूर्नबर्ग शहरात सोनाराच्या घरी जन्मला. वडिलांच्या हाताखाली तो धातूवर कोरायला शिकला, मग चित्रकलेकडे वळला. रंगवलेलं चित्र एकाच भिंतीवर राहतं. कागदावर छापलेल्या चित्राच्या मात्र शेकडो प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत वेगळ्या गावाला जाते. हे त्याने फार लवकर ओळखलं. प्रकाशकासाठी चित्रं काढून देण्याऐवजी 1498 मध्ये त्याने बायबलमधल्या प्रलयाची 15 लाकूडछाप चित्रं स्वतःच प्रकाशित केली. गावोगाव विक्री करायला त्याआधीच माणूस नेमला होता. बायको आग्नेस फ्रँकफर्टच्या जत्रेत चित्रं विकायची, आई न्यूर्नबर्गच्या बाजारात. मला तर या दोन बायकांचं फार कौतुक वाटतं. ते नाव युरोपभर पोचलं त्यात त्यांच्या पायपिटीचा वाटा मोठा आहे.

कशाला किती वेळ द्यायचा, याचाही हिशेब तो चोख ठेवी. याकोब हेलर नावाच्या व्यापाऱ्यासाठी वेदीचं मोठं चित्र रंगवून त्याला 200 गिल्डर मिळाले. 1509 मध्ये त्याने हेलरला स्पष्ट लिहिलं, की एवढा काळ कोरीवकाम केलं असतं तर आज आपण 1000 गिल्डरांनी श्रीमंत असतो.

नाव मोठं झालं तशा नकला आल्या. 1511 च्या एका चित्रग्रंथाच्या शेवटी त्याने दुसऱ्यांच्या श्रमांवर डल्ला मारणाऱ्यांना सम्राटाच्या हुकमाचा धाक घातला. पण मी थक्क होतो तो 1512 च्या निकालाने. न्यूर्नबर्गच्या नगरसभागृहासमोर एक परका विक्रेता ड्युररची खूण असलेली खोटी चित्रं विकत होता. नगरसभेने त्याला बजावलं, की त्या खुणा काढून टाक, नाहीतर सगळा माल जप्त होईल. म्हणजे चित्राची नक्कल खपवून घेतली गेली, नावाची नाही! गिऱ्हाईक कागदाबरोबर एक भरवसाही विकत घेतं, हे त्या सभासदांना उमगलं होतं.

तो भरवसा अर्थात कामातून आला होता. ड्युररच्या ताम्रपटांवरच्या रेषा इतक्या बारीक आहेत, की सशाची लव आणि पोलादाची चकाकी नुसत्या काळ्या शाईत वेगवेगळी कळते. असं काम नसतं, तर त्या दोन अक्षरांना कोण विचारणार होतं?

सम्राट माक्सिमिलियानने त्याला वर्षाला 100 गिल्डरांचं मानधन बांधून दिलं होतं. 1519 मध्ये सम्राट वारला आणि मानधन अडकलं. पुढच्या वर्षी ड्युरर आग्नेसला आणि चित्रांच्या गठ्ठ्यांना घेऊन नेदरलँड्सला निघाला. वाटेत चित्रं विकली, भेट दिली, सगळं रोजनिशीत टिपलं. अँटवर्पच्या चित्रकारांनी त्याला सपत्नीक मेजवानी दिली, तेव्हा तो आत जाताना लोक दुतर्फा उभे राहिले. नोव्हेंबर 1520 मध्ये नव्या सम्राटाकडून, पाचव्या चार्ल्सकडून, मानधन पुन्हा मंजूर झालं.