दोरी ओढण्याची मुभा
कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी आणि भांडणांनी बदनाम होऊन १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा बहुतेक कामगार आणि त्यांची युनियन जुनीच होती. गाड्यांचा दर्जा मात्र लवकरच जपानी कारखान्यांच्या तोडीला आला. माझ्या मते फरक वागणुकीचा होता. दोष दिसताच लाइनजवळची इशाऱ्याची दोरी ओढायची, गरज पडल्यास अख्खी लाइन थांबवायची मुभा प्रत्येकाला मिळाली, आणि दोरी ओढली की टीम लीडर जाब विचारायला नव्हे, मदतीला येई. बेकारीच्या धास्तीने माणसे सुधारली, असे कुणी म्हणेल. धास्तीचा वाटा असेलही. पण धास्तावलेला माणूस चूक झाकतो, दोरी ओढत नाही. शिवाय पुढे मागणी घटली तेव्हा कंपनीने कामगारांना काढून न टाकता प्रशिक्षणाला बसवले.